पडद्यामागचं सगळं कळल्यावर चित्रपटाची जादू जाते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग पाहून मी भारावून गेले. मग ते कसे बनवले याचे तासन्‌तास चालणारे माहितीपट पाहिले. आता चित्रपट पुन्हा लावला की गोष्ट दिसतच नाही, नुसत्या युक्त्या दिसतात. मी पुण्यात आर्किटेक्चर शिकते. असा चित्रपट नीट पाहायचा कसा? आणि यातलं काही इथे राहून शिकता येईल का?"

आधी उत्तर देतो, मग कारणं. जादू गेलेली नाही. तुम्ही अर्ध्या रस्त्यात थांबला आहात. माहितीपटांतून ‘हे कसं केलं’ ते समजतं. ‘इथे हेच का केलं’ हे मात्र आपलं आपल्याला शोधावं लागतं, आणि रसग्रहणाची खरी गंमत त्या शोधात आहे.

मी बरीच वर्षं कला विभागात काम करतो. सुरुवात पेठेतल्या मंडळांच्या हलत्या देखाव्यांपासून झाली. पुढे जाहिराती, मालिका, ऐतिहासिक चित्रपट आले. काम मुख्यतः प्रॉप्सचं (पडद्यावर वापरायच्या वस्तूंचं) आणि मिनिएचरचं (लहान मापाच्या प्रतिकृतींचं). त्यामुळे माझं बोलणं हाताने वस्तू घडवणाऱ्या माणसाचं आहे, समीक्षकाचं नाही. माझं एक ठाम मत बनलं आहे आणि पुढचं सगळं त्याच्या आधाराने सांगणार आहे: अद्भुतपटातली अशक्य गोष्ट आपल्याला पटते, कारण तिच्या आजूबाजूच्या साध्या, रोजच्या वस्तूंना पडद्यावर वजन असतं. वजन हा शब्द मी शब्दशः वापरतोय. किलोमध्ये मोजतात ते वजन.

पहिल्या भागातला अगदी छोटा शॉट घ्या. म्हातारा बिल्बो घर सोडून निघाला आहे. अंगठी मागे ठेवायची आहे, पण हातातून सुटत नाही. शेवटी तो तळहात तिरका करतो आणि अंगठी जमिनीवर पडते. एरवी अंगठी पडली की टणकन उडते, दोन-तीनदा आपटते, घरंगळत कपाटाखाली जाते. ही पडते आणि जागच्या जागी बसते. जरासुद्धा उडत नाही. त्यासाठी जमिनीखाली चुंबकाची सोय केली होती, आणि पडण्याचा आवाज एखाद्या जड वस्तूचा ठेवला आहे. शॉट जेमतेम दोन-तीन सेकंदांचा. युक्ती तर शाळेतल्या प्रयोगाची. पण ती नेमकी इथे का वापरली ते पाहा. यापुढे तिन्ही भाग फ्रोडो हा एक लहानखुरा माणूस ही अंगठी गळ्यात घालून चालणार आहे आणि तिच्या ओझ्याने वाकत जाणार आहे. ते ओझं आपल्याला संवादातून सांगितलं असतं तर आपण ऐकून सोडून दिलं असतं. इथे ते कानांनी आणि डोळ्यांनी एकदम पटतं, आणि एकदा पटल्यावर पुढे पुन्हा पटवावं लागत नाही. चुंबक माहीत झाल्यावर हा शॉट मला अधिक आवडायला लागला, कारण कुणीतरी बसून ‘ही अंगठी कशी पडेल?’ असा विचार केला होता हे कळलं.

याच अंगठीची एक आवृत्ती सुमारे आठ इंच व्यासाची होती. अगदी जवळून, पडदा भरून अंगठी दाखवायची असेल तर खऱ्या आकाराच्या अंगठीवर फोकस केसाइतक्या जाडीचा मिळतो, पुढची कड स्पष्ट तर मागची धूसर. मोठी अंगठी केली की तो प्रश्न सुटतो.

आता तुमच्या विषयाला जवळचा प्रसंग. गँडाल्फ हा जादूगार फ्रोडोच्या घरी येतो आणि दोघं टेबलाशी बसतात. फ्रोडो हॉबिट आहे, म्हणजे उंची साडेतीन-चार फूट. प्रत्यक्षात इयान मॅकेलन आणि एलायजा वुड यांच्या उंचीत काही इंचांचाच फरक. फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह हे नाव तुम्ही ऐकलंच असेल: एकाला कॅमेऱ्याजवळ बसवायचं, दुसऱ्याला लांब, आणि दोघं शेजारी आहेत असा भास निर्माण करायचा. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, त्यामुळे त्याला अंतर कळत नाही, फक्त आकार कळतो. समजा गँडाल्फ कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर आहे, तर फ्रोडो साधारण दहा फुटांवर बसवला की तो जवळच्या माणसाच्या सहा-दशांश दिसतो.

इथपर्यंत सोपं आहे. खरं काम पुढे सुरू होतं. दोघांच्या मधलं टेबल एकच दिसायला हवं. म्हणून ते दोन तुकड्यांत करतात: गँडाल्फजवळचा तुकडा लहान मापाचा, फ्रोडोजवळचा मोठ्या मापाचा, आणि सांधा कॅमेऱ्याच्या कोनातून लपेल असा. टेबलावरच्या वस्तूही दोन मापांत लागतात. गँडाल्फच्या हातातला कप चिमुकला, फ्रोडोचा नेहमीचा. मग नजरेचा प्रश्न. दोघं समोरासमोर नाहीतच, त्यामुळे एकमेकांकडे पाहून बोलायचं नाही. प्रत्येकाने मोकळ्या हवेतल्या ठरलेल्या बिंदूकडे पाहून संवाद म्हणायचे आणि तिथे जिवलग मित्र बसलाय असं मानायचं. मग प्रकाश. सहा फूट आणि दहा फूट दोन्ही एकदम स्पष्ट हवेत, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करावं लागतं. छिद्राचा आकडा २.८ वरून ११ वर नेला (आकडा मोठा, तर छिद्र लहान) की सोळापट प्रकाश लागतो. त्या घरात मात्र मऊ, घरगुती उजेड दिसायला हवा. छायाचित्रकार ॲन्ड्र्यू लेस्नी यांना पहिल्या भागासाठी ऑस्कर मिळालं. डोंगरदऱ्यांच्या दृश्यांचं सगळे कौतुक करतात. मला त्या छोट्या घरातला उजेड जास्त कठीण वाटतो.

ही युक्ती सिनेमात जुनी आहे, पण पूर्वी तिची एक अट असायची: कॅमेरा हलवायचा नाही. कॅमेरा जरा सरकला की जवळची वस्तू भराभर सरकते, लांबची हळू, आणि बिंग फुटतं. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने कॅमेऱ्याच्या हालचालीशी जोडलेली सरकती फळी बनवली. कॅमेरा जाईल त्या प्रमाणात एक पात्र, त्याच्या बाजूच्या अर्ध्या टेबलासकट, सरकत राहतं. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनातली शेवटची शंकाही जाते. ज्याला थोडंफार कळतं तो म्हणतो, ‘कॅमेरा हलतोय, म्हणजे इथे ती युक्ती नसणार.’

त्याहूनही शहाणपणाची गोष्ट म्हणजे एकाच युक्तीवर ते फार वेळ विसंबून राहिले नाहीत. बिल्बोच्या (पुढे फ्रोडोच्या) घराचे दोन सेट होते, एक हॉबिट झालेल्या नटांच्या मापाचा आणि एक त्याहून लहान, ज्यात गँडाल्फला वाकून चालावं लागतं आणि तुळईला डोकं आपटतं. पाठमोऱ्या आणि लांबच्या शॉटमध्ये बदली कलाकार होते. त्यातले किरण शाह हे भारतीय वंशाचे, नैरोबीत जन्मलेले कलाकार, उंची चार फुटांच्या जराशी वर. अनेक ठिकाणी फ्रोडो म्हणून चालताना दिसतात ते किरण शाह. गिम्ली हा बुटका ड्वार्फ झालेले जॉन ऱ्हिस-डेव्हिस प्रत्यक्षात सहा फुटांहून उंच. त्यामुळे ते हॉबिट कलाकारांशेजारी उभे राहिले की दोघांचं प्रमाण आपोआप जुळायचं आणि तिथे कसलीच युक्ती लागायची नाही. एका प्रसंगात पाच-सात शॉट, आणि दर शॉटला उपाय वेगळा. डोळ्याला एका उपायाची सवय होऊन त्यातली खोट सापडायच्या आत पुढचा उपाय आलेला असतो. आणि भावनेचा क्षण आला की सगळ्या युक्त्या बाजूला ठेवून साधा क्लोज-अप. फक्त कॅमेऱ्याची उंची बदललेली: फ्रोडोकडे किंचित वरून पाहायचं, गँडाल्फकडे किंचित खालून. तुम्ही हा प्रसंग पुन्हा लावाल तेव्हा युक्ती कुठे आहे ते शोधू नका. ती कुठे थांबवली आहे ते पाहा. दिग्दर्शकाला त्या प्रसंगात काय महत्त्वाचं वाटलं ते तिथे कळेल.

हॉबिटांचं गाव न्यूझीलंडमध्ये माटामाटा गावाजवळच्या एका मेंढ्यांच्या कुरणावर वसवलं. चित्रीकरणाच्या बऱ्याच आधी तिथे भाज्या आणि फुलझाडं लावून ठेवली, म्हणजे कॅमेरा येईपर्यंत वाफे मुरलेले दिसावेत. बिल्बोच्या घरावरचं ओकचं झाड दुसरीकडून तोडून, फांद्यांना क्रमांक घालून आणलं, पुन्हा जोडलं, आणि त्याला कृत्रिम पानं एकेक करून तारेने बांधली. आता हे ‘का’? कारण तिन्ही चित्रपटांत फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम ज्याच्यासाठी मरायला तयार होतात ते हेच घर आहे. पुढे राक्षस, किल्ले, ज्वालामुखी सगळं येणार आहे. पण त्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत फडताळातलं चीज, दाराशेजारची छत्री, चुलीवरची किटली खरी वाटली नाही तर पुढचा ज्वालामुखी कितीही मोठा केला तरी आपल्याला काही वाटणार नाही.

ही गोष्ट समजून घ्यायला पुण्याच्या माणसाला न्यूझीलंडला जावं लागत नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. आज जिथे एफटीआयआय ही चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था आहे तिथेच तिचा स्टुडिओ. दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा विशेष गौरव झाला. त्यात चमत्कार आहेत, शेवटी तुकोबांना वैकुंठाला नेणारं विमान आहे. आजच्या मुलांना ते विमान दाखवलं तर ती हसतील असं वाटतं, पण मी दाखवून पाहिलं आहे, हसत नाहीत. कारण तोवर गौरीबाईंची जिजाई त्यांनी पाहिलेली असते. तिचा संताप, पोरांचे हाल, घरातली ओढाताण, म्हशीवरचा जीव. तो संसार इतका खरा आहे की त्या अंगणात विमान उतरलं तर उतरलं, आपण मानतो. फत्तेलाल मुळात चित्रकार आणि कलादिग्दर्शक, दामले ध्वनीतले जाणकार. घरातलं भांडं कुठे ठेवलं पाहिजे आणि आवाज कुठून आला पाहिजे हे कळणाऱ्या माणसांनी चमत्कार दाखवला, म्हणून तो पटला. त्याही आधी दादासाहेब फाळक्यांनी १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ केला. त्यातला कृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीला फाळके कॅमेऱ्यासमोर तिचे नुसते हावभाव दाखवतात: ही एक लहान मुलगी आहे, आता ही कृष्ण होणार आहे. म्हणजे पडद्यामागचं आधी दाखवून मग जादू दाखवायची, आणि तरीही ती चालते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे.

आता मिनिएचर. हा माझा जिव्हाळ्याचा विषय, इथे जरा रेंगाळतो. दिवाळीत आपण मातीचा किल्ला करतो तेव्हा हमखास एक गोष्ट घडते: अळीव उगवून छान हिरवळ होते, बुरूज जमतो, आणि मग बाजारातून आणलेला मावळा दरवाजापेक्षा उंच निघतो. किल्ला तिथल्या तिथे लहान होतो. मिनिएचरचं सगळं शास्त्र त्या मावळ्यात आहे. प्रेक्षकाच्या डोळ्याला ज्या वस्तूचं माप पक्कं माहीत आहे, तिच्यावरून तो बाकी सगळं मोजतो. माणूस, दार, पायरी, पान, ज्योत, पाण्याचा थेंब. यातलं एक जरी चुकलं तरी किल्ला खेळणं होतो.

मिनास टिरिथ या शहराचं मिनिएचर १:७२ प्रमाणात होतं, उंची साधारण सात मीटर. इतकं मोठं की चमूने त्याला ‘बिगेचर’ असं स्वतःचं नाव दिलं होतं. १:७२ म्हणजे पाच फूट सात इंचांचा माणूस अडीच सेंटिमीटरलाही थोडा कमी पडतो. दगडी भिंतीची खरखर त्या मापात बसवायची तर साधं प्लास्टर चालत नाही, त्याचा कण मोठा दिसतो. खिडकीच्या चौकटीची जाडी आगपेटीच्या काडीहून बारीक. आणि एवढं करून कॅमेरा जवळ नेला की पुन्हा फोकसचा प्रश्न: पुढची भिंत स्पष्ट, मागची धूसर झाली की मेंदू लगेच ओळखतो, हे लहान आहे. म्हणून छिद्र अगदी बारीक ठेवून एकेका फ्रेमला लांबलचक एक्स्पोजर देतात, आणि संगणकाने चालवलेला कॅमेरा इंचाइंचाने पुढे जातो. पडद्यावर दहा सेकंद दिसणाऱ्या शॉटला तासन्‌तास लागतात. शिवाय मिनिएचरभोवती हलका धूर सोडतात. खऱ्या डोंगरावर आपल्या नजरेच्या आणि कड्याच्या मधे मैलभर हवा असते, त्यामुळे लांबचं फिकट दिसतं. वीस फुटांच्या स्टुडिओत ती मैलभर हवा धुराने उसनी आणावी लागते. सिंहगडावरून पावसाळ्यानंतर खडकवासल्याकडे पाहा, रंगांचे थर कसे फिकट होत जातात ते दिसेल. मी नव्या मुलांना आधी तिथे नेतो, मग रंगाचा ब्रश हातात देतो.

काही पडायचं, कोसळायचं, वाहायचं असेल तर आणखी एक हिशेब येतो. लहान वस्तू लवकर खाली पडते, म्हणून चित्रीकरण वेगाने करून ते सावकाश दाखवतात. किती वेगाने? प्रमाणाच्या वर्गमुळाइतक्या पटीने. १:३६ चं मिनिएचर असेल तर सहापट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १४४ फ्रेम. दगडाचं ढासळणं यात बसतं. पाणी मात्र कुणाचं ऐकत नाही, कारण थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो, आपण नाही. म्हणून पाण्याचा प्रसंग आला की मिनिएचर शक्य तितकं मोठं करण्याखेरीज इलाज नसतो. पाणी आणि आग दिसली की माझं लक्ष आपोआप तिथे जातं. तुम्हीही तिथे थांबून पाहा.

शस्त्रं, चिलखतं, कपडे यांच्याबद्दल बरंच बोललं जातं, त्यामुळे निवडक सांगतो. वेलिंग्टनच्या वेटा वर्कशॉपमध्ये रिचर्ड टेलर यांच्या हाताखाली हे काम झालं. कड्यांच्या चिलखतासाठी प्लास्टिकच्या नळ्यांचे काप करून एक कोटीहून जास्त कड्या हाताने जोडल्या. लोखंडाच्या केल्या असत्या तर नट दिवसभर उभा राहिला नसता. तलवारी तीन प्रकारच्या: क्लोज-अपला पोलादी, मारामारीला हलक्या धातूच्या, मागच्या गर्दीला रबरी. राजा थेओडन झालेल्या बर्नार्ड हिल यांच्या चिलखताला आतूनही नक्षी होती. कॅमेऱ्याला ती कधीच दिसणार नव्हती. त्यांनी स्वतः ही गोष्ट आवर्जून सांगितली आहे, की ते अंगावर चढवताना आपण राजा आहोत असं वाटायचं. निर्मात्याच्या वहीत हा खर्च वाया गेलेला दिसेल. नटाच्या खांद्यांत तो दिसतो.

आपल्याकडे नेमकं इथे पाणी मुरतं. मी काम केलेल्या एका ऐतिहासिक निर्मितीत कपड्यांच्या एजिंगसाठी, म्हणजे ते जुने-वापरलेले दिसावेत यासाठी, ठेवलेला आठवडा ऐन वेळी कापला गेला, आणि लढाईला निघालेल्या सैन्याच्या बाराबंद्यांवर इस्त्रीची घडी दिसली. दोष पैशाचा म्हणता येणार नाही. चहाचं पाणी, काथ, गेरू, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश यांना पैसे पडत नाहीत, वेळ पडतो. आणि एजिंग म्हणजे सगळीकडे सारखा मळ फासणंही नव्हे. कपडा कोपरावर, गुडघ्यावर, शेल्याच्या काठावर विरतो. तलवारीची मूठ अंगठ्याखाली गुळगुळीत होते, बाकी काळपट राहते. वाड्याच्या दारावर हात लागतो तेवढीच जागा चकाकते. ‘रिंग्ज’मध्ये ॲरागॉर्नचे कपडे पाहा. व्हिगो मॉर्टेन्सन ते स्वतः शिवून दुरुस्त करत असत. रानावनात एकटा राहणारा माणूस जसा टाका घालेल तसाच तो टाका आहे, कारण तो तसाच घातलेला आहे.

अंगठीच्या लोभाने पछाडलेल्या गॉलम या जिवाविषयी सगळ्यांना वाटतं की ती संगणकाची करामत. संगणकाचा वाटा मोठा आहेच. प्रकाश त्वचेत थोडा शिरून मग बाहेर येतो हे साधल्यामुळे त्याची कातडी मेणाची किंवा रबराची वाटत नाही. पण ॲन्डी सर्किस आधी सेटवर दोन्ही हॉबिटांबरोबर प्रत्यक्ष झोंबले, रांगले, पाण्यात उतरले, म्हणून समोरच्या नटांच्या अंगात प्रतिक्रिया आली. त्यांचं काम पाहून गॉलमचा चेहराच पुन्हा घडवला गेला. पहिल्या भागात ओझरता दिसणारा गॉलम आणि दुसऱ्या भागातला गॉलम ताडून पाहा, फरक दिसेल. आणि त्याची दोन मनं एकमेकांशी भांडतात तो प्रसंग मुद्दाम पुन्हा पाहा. तिथली कमाल संकलनाची आहे. आधी कॅमेरा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो, मग सरळ कट घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे, जणू समोर दोन माणसं बसली आहेत. आपले एकपात्री करणारे नट हे काम मान वळवून करतात.

माझ्या मते या तीन चित्रपटांतही काही जागा कच्च्या आहेत, आणि त्या का कच्च्या आहेत ते पाहणं हाही रसग्रहणाचा भाग आहे. तिसऱ्या भागात लेगोलस हा धनुर्धर महाकाय हत्तीवर चढतो आणि सोंडेवरून घसरत उतरतो. हालचाल चपळ आहे, पण देहाला वजन नाही. हत्तीच्या कातडीवर पाय दबत नाही, उतरल्यावर गुडघा वाकत नाही. हिरव्या भुतांचं सैन्य शहरावरून पाण्यासारखं वाहत जातं, तिथेही माझं मन बाहेर राहतं. त्या लढाईत कुणाला काही लागतच नाही. याउलट त्याच भागात रोहन या राज्याचे घोडेस्वार चढाई करतात तेव्हा अंगावर काटा येतो. तिथेही संगणकावरचे घोडेस्वार भरपूर आहेत. त्यासाठी स्टीफन रेगेलस यांनी लिहिलेली ‘मॅसिव्ह’ नावाची प्रणाली वापरली, ज्यात गर्दीतला प्रत्येक जण आजूबाजूचं पाहून आपापली हालचाल ठरवतो. पण पुढच्या रांगांत खरे घोडे, खरे स्वार आणि खरी धूळ आहे. डोळा पुढच्या रांगेवर विश्वास ठेवतो आणि मागच्या हजारोंना उधारीवर मान्य करतो.

आवाजाकडे आपले प्रेक्षक फार कमी लक्ष देतात. दुसऱ्या भागात ऑर्क या राक्षसांच्या सैन्याची आरोळी ऐकू येते. तिच्यासाठी जॅक्सन वेलिंग्टनच्या स्टेडियममध्ये क्रिकेटच्या सामन्याला गेले आणि मधल्या वेळात सुमारे २५,००० प्रेक्षकांकडून ती ओरडून घेतली. स्टुडिओत पन्नास माणसांचा आवाज पाचशे वेळा चिकटवून ती गर्दी येत नाही. खऱ्या मैदानात दूरच्या स्टँडचा आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि सैन्याचा आकार त्या उशिरातून कळतो. बॅलरॉग या अग्निराक्षसाच्या आवाजात लाकडी जमिनीवर घासलेली सिमेंटची वीट आहे. हॉवर्ड शोअर यांचं संगीत हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, एकच खूण सांगतो: आयझनगार्ड या खलनायकाच्या गडावरच्या कारखान्याचं संगीत पाच मात्रांचं आहे आणि त्यात धातूवरचे घाव आहेत. चार मात्रांच्या सवयीने पाय ठेवायला जावं तर तो चुकतो, आणि अस्वस्थ वाटतं. तबल्याची थोडी जाण असेल तर हातावर मात्रा मोजत ऐका.

म्हणजे पाहायचं कसं? अख्खा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहू नका. चार-पाच मिनिटांचा एक प्रसंग निवडा. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून नुसता ऐका. मग प्रत्येक कटला थांबून एका ओळीत लिहा: कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे, उजेड कुठून येतो, हातात काय आहे. माहितीपट त्यानंतर. आधी स्वतः तर्क करायचा आणि मग ताडून पाहायचा, हा क्रम उलटा झाला की युक्त्याच दिसतात. तुमचं तेच झालं आहे. आणि मग महिना-दोन महिन्यांनी, वही बाजूला ठेवून, कुणाबरोबर तरी सलग पाहा. गोष्ट परत येते, याची खात्री देतो.

पुण्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुने चित्रपट दाखवतात, तिथले कार्यक्रम बघत राहा. ‘संत तुकाराम’ मोठ्या पडद्यावर पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, दारं यांच्यासमोर स्केचबुक घेऊन बसा, आणि वस्तू कुठे झिजली आहे तेवढंच काढा. तांबट आळीत जाऊन मठारकाम पाहा. हातोडीचा ठोका कसा पडतो, शेजारचा ठोका किती अंतरावर पडतो हे एकदा डोळ्यांत बसलं की फायबरच्या हंड्यावर तो खोटा काढता येतो. गणपतीच्या आधी मंडळांच्या मांडवात देखाव्याचं काम चाललेलं असतं, तिथे कुणी हाकलत नाही. आर्किटेक्चरमुळे माप आणि मॉडेल तुमच्या हाताखालचं आहेच, ते या धंद्यात फार उपयोगी पडतं.

आणि आज रात्रीच करता येईल असं एक काम. घरातले सारखे दोन कप घ्या. जेवणाच्या टेबलावर मोबाइल कपाच्या उंचीला टेकवून ठेवा. एक कप कॅमेऱ्यापासून एका फुटावर, दुसरा दोन फुटांवर, असे की पडद्यावर ते शेजारी शेजारी दिसतील. मागचा निम्मा दिसेल. आता दोघांच्या बुडाखालची टेबलाची रेघ एकच कशी दिसेल ते जमवा, जवळच्या कपाखाली काय आणि किती जाडीचं ठेवावं लागतं ते पाहा. जमलं की मोबाइल न वळवता दहा सेंटिमीटर डावीकडे सरकवा. कप एकमेकांपासून फुटतील. जवळचा कप त्याच दिशेला पाच सेंटिमीटर सरकवलात की पुन्हा जुळतील. मग मैत्रिणीला मोबाइल सरकवायला सांगा, कपाखाली एक वही ठेवून ती तुम्ही ओढा, आणि दोघींचा वेग जुळेपर्यंत व्हिडिओ काढत राहा.